ते असते तर?

२८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाई येथे कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांची झोपेतच गोळी घालून हत्या झाली. ते ४८ वर्षांचे होते. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य जन्मास आले व रायपूर राजधानी झाली. तेव्हा मनात सहज प्रश्न येतो : नियोगी असते तर? ते सत्तेत गेले असते, की सत्तेच्या दारी मजुरांसह उभे राहिले असते?

प्रश्न स्वाभाविक आहे; परंतु त्यात मोह दडलेला आहे. मृत मनुष्य प्रतिवाद करीत नाही. म्हणून ज्याला जे मत प्रिय, ते तो हुतात्म्याच्या मुखी घालतो. ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस येथे मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तेव्हा ते सफाई कामगारांच्या संपाला साहाय्य करण्यास गेले होते. त्यांचे गोडवे गाणाऱ्या कित्येकांना तो संप आठवत नाही.

दुसरा मोह अधिक सूक्ष्म आहे. ‘ते असते तर हे झाले असते’ असे म्हणून आपण आपले कर्तव्य मृताच्या खांद्यावर ठेवतो. अम्माऊसच्या वाटेवरील दोघे शिष्य आपल्या आशेविषयी भूतकाळात बोलत होते, आणि जिवंत प्रभू तर त्यांच्या शेजारीच चालत होता!

मग कल्पना करूच नये काय? करावी, पण जे ठाऊक आहे तेथून आरंभ करावा. नियोगींनी दल्ली राजहराच्या खाणकामगारांना संघटित केले, दारूविरुद्ध चळवळ उभारली. १९७७ च्या गोळीबारात बळी पडलेल्या कामगारांच्या स्मरणार्थ तेथे १९८३ मध्ये मजुरांच्याच पैशांतून व श्रमांतून शहीद रुग्णालय उभे राहिले. भिलाईत त्यांची मागणी होती ती कंत्राटी कामगारांना कायम करण्याची व जगण्याजोग्या वेतनाची. इतके स्पष्ट असता त्यांची इच्छा तर्काने कशाला शोधावी?

एलीया वर घेतला गेल्यावर अलीशाने त्याचा पडलेला झगा उचलला. ‘एलीया कोठे आहे’ असे त्याने विचारले नाही. एलीयाचा देव कोठे आहे, असे विचारून तो यार्देनेत उतरला.

नियोगी ख्रिस्ती नव्हते. तरी त्यांचा प्रश्न आपल्या मंडळीच्या दारापर्यंत येतो. मंदिराच्या बांधकामावर विटा वाहणाऱ्या, आपल्या संस्थांचे आवार झाडणाऱ्या माणसाला पुरेसे वेतन मिळते काय? त्याची नोकरी उद्या टिकेल काय? ‘ते असते तर’ याचे जेवढे उत्तर आपल्या हाती आहे, तेवढे येथे आहे.