लाहुऱ्याचा देश

परमुलखाच्या सैन्यात चाकरी करणाऱ्या माणसास नेपाळात 'लाहुरे' म्हणतात. या शब्दाचे मूळ लाहोरात आहे. १८१४ साली देहरादूनजवळ नालापानीच्या गढीत इंग्रजांशी झुंजलेला बलभद्र कुंवर पुढे रणजितसिंहाच्या पदरी राहिला आणि १८२३ मध्ये नौशहराच्या लढाईत पडला. त्याच्यासारखे जे डोंगर उतरून लाहोरास गेले, ते लाहुरे झाले. लाहोरचे शीख राज्य १८४९ मध्ये बुडाले. शब्द मात्र उरला आणि इंग्रजांच्या, मागाहून स्वतंत्र भारताच्या गुरखा पलटणींतील शिपायांसही तोच चिकटला. ज्या माणसास चाकरीच्या गावावरून नाव पडते, त्याचा देश कोणता? ऐन उमेदीत हा प्रश्न शिपायास पडत नाही. जेवणाची वेळ, निजण्याची जागा, मित्र कोण आणि शत्रू कोण, हे सर्व पलटण ठरविते. प्रश्न उभा राहतो तो गणवेश उतरविल्यानंतर.

आपल्याकडे 'खाल्ल्या मिठाला जागावे' असे म्हणतात. नेपाळीतही मिठाशी इमान राखणाऱ्यास 'नुनको सोझो' म्हणतात. दोन्ही भाषांत हे बंधन मीठ खाणारावर घातले आहे. मीठ वाढणाराने कशास जागावे, याविषयी म्हणी मौन पाळतात. पगार, पदक आणि पेन्शन दिले की त्याची बाजू फिटली, असे गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत खरे, हे आम्हांस पाहावयाचे आहे.

१९४७ च्या नोव्हेंबरात नेपाळ, भारत व ब्रिटन यांच्यात करार झाला व दहा गुरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे राहिल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. ब्रिटनच्या वाटणीस आलेल्या शिपायाचे आयुष्य मलाया, सिंगापूर, पुढे हाँगकाँग येथे गेले. ज्या राणीच्या नावाने तो लढला, तिचा देश त्याने बहुधा पाहिलाही नाही. त्याच्याशी बोलण्यासाठी इंग्रज अधिकाऱ्यालाच नेपाळी शिकावे लागे. तेव्हा पंधरा-वीस वर्षे चाकरी करूनही त्याला इंग्रजी बेताचीच येई. पगार व पेन्शन भारतीय सैन्याच्या दरांशी निगडित होते आणि मुदत संपली की त्यास नेपाळात नेऊन मोकळे करीत. करार असा चोख होता. आम्ही कारकुनी पेशाचे. चोख करारांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु कराराच्या दोन्ही बाजूंस एकच गोष्ट सोयीची होती, ती ही की, गणवेश उतरविलेला शिपाई दृष्टीआड जात असे.

तो दृष्टीसमोर आला तेव्हा काय घडले, हे तुलबहादूर पुन यांच्या प्रकरणात दिसते. १९४४ साली ब्रह्मदेशात मोगाँगच्या लढाईत यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. उतारवयात, प्रकृती ढासळल्यावर, त्यांनी ब्रिटनमध्ये राहावयास परवानगी मागितली. तेव्हा ब्रिटनशी दृढ संबंध असल्याचे त्यांनी दाखविलेले नाही, अशा आशयाचे कारण देऊन अर्ज फेटाळण्यात आला. गवगवा झाल्यावर २००७ मध्ये परवानगी मिळाली.

हे उत्तर लिहिणारा मनुष्य दुष्ट असेल असे आम्हांस वाटत नाही. तो आमच्याच बिरादरीतला असणार. त्याच्यापुढे रकाने असतील: घरदार कोठे, नातलग कोठे, वास्तव्य किती. मोगाँगसाठी रकाना नव्हता. आणि रकान्याबाहेर पाहण्याची मुभा कारकुनास द्यावी काय, हाही प्रश्न सोपा नाही. ज्याचा चेहरा आवडला त्याचे काम करणारा कारकून आपण सर्वांनी पाहिला आहे. नियम आहे तो त्याला आवर घालण्यासाठीच. दोष लेखणीचा नसून, 'संबंध' या शब्दाचा अर्थ ज्यांनी ठरविला त्यांचा आहे. त्यांच्या लेखी संबंध म्हणजे राहणे. रणांगणावर मरावयास सिद्ध होणे हा संबंध नव्हे, ती सेवा. आणि सेवेचा मोबदला दिलेला होता.

लोकमत मात्र उलट बाजूने उसळले. १९९७ च्या १ जुलैपूर्वी निवृत्त झालेल्यांना वगळणारे धोरण २००८ च्या सप्टेंबरात तेथील उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविले. २९ एप्रिल २००९ रोजी कॉमन्स सभागृहात सरकारचा २६७ विरुद्ध २४६ मतांनी पराभव झाला, आणि पुढच्याच महिन्यात किमान चार वर्षे चाकरी केलेल्या सर्व माजी गुरखा शिपायांना तेथे स्थायिक होण्याची वाट मोकळी झाली. जो आमच्यासाठी मरावयास तयार होता त्याला आमच्यात जगण्याचा अधिकार आहे, असा हा युक्तिवाद होता. तो उदात्त आहे यात शंका नाही. तरीही आम्हांस तो अपुरा वाटतो. रक्त ही जर देशाची किंमत असेल, तर देश ही खरेदीची वस्तू ठरते. आणि त्या शिपायाच्या बायकोने तर बंदूक हाती धरलेली नाही, तिने काय मोजावे? शिवाय कृतज्ञतेने ज्याला घरात घेतले तो पाहुणा राहतो. पाहुण्याने भाजीत मीठ कमी आहे असे म्हणावयाचे नसते.

आल्डरशॉट व आसपासच्या गावांत जे म्हातारे येऊन राहिले, त्यांच्या वाट्यास हेच आले. नेपाळात पुरणारी पेन्शन तेथे अपुरी पडली. तिच्या समानतेचा दावा २०१६ मध्ये मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयानेही मान्य केला नाही. भाषा येत नाही, थंडी सोसवत नाही, गावाकडे असलेली प्रतिष्ठा येथे कोणास ठाऊक नाही. १९९७ नंतरच्या तरुण निवृत्तांना हे इतके जड गेले नाही, कारण त्यांची चाकरीच ब्रिटनमध्ये झाली होती. २०११ मध्ये तेथील लोकप्रतिनिधीने या वृद्धांमुळे स्थानिक सेवांवर ताण पडतो, अशी तक्रार पंतप्रधानांकडे केली. त्या तक्रारीतही तथ्य असेल. दवाखाने काही रातोरात वाढत नाहीत. परंतु हारतुऱ्यांच्या दिवशी हवाहवासा वाटणारा मनुष्य दवाखान्याच्या रांगेत पुढे उभा असला की डोळ्यांत खुपतो, हे मनुष्यस्वभावाचे कोडे त्यात आहे. वीर म्हणून मिरविले जाणे शिपायास नको असते असे नाही. पण त्यापेक्षा अवघड असलेली गोष्ट त्याला हवी असते: चारचौघांसारखे कुरकुरण्याची, म्हातारे होण्याची, आजारी पडण्याची मोकळीक.

इंग्रजांना नावे ठेवून आपण सुटत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ तहाने नेपाळी माणसास येथे राहण्याची, घर घेण्याची, धंदा करण्याची मुभा दिली, ही आपली बाजू निश्चित उजळ आहे. परवान्यासाठी मोगाँगचा दाखला येथे मागत नाहीत. परंतु आमच्या सरकारी वसाहतींत रात्री काठी आपटीत फिरणाऱ्या प्रत्येक पहारेकऱ्यास आपण 'बहादूर' म्हणून हाक मारतो. तो कधी कोणत्या पलटणीत होता काय, त्याला नाव आहे काय, याची चौकशी करण्याचे कोणास सुचत नाही. त्याचे शौर्य हीच त्याची जात ठरवून टाकली की त्याला शेजारी मानण्याची जबाबदारी टळते. आपल्यालाही बंगाल्यात किंवा मद्राशात कोणी सरसकट 'मराठा' म्हटले की छाती फुगते. पण तेच नाव दहा वर्षे ऐकत राहावे लागले तर कंटाळा येतो, हे बृहन्महाराष्ट्रातल्या वाचकांना आम्ही सांगावयास नको.

देहरादूनला बदलून आल्यावर आम्ही नालापानीच्या वाटेवरचे ते दोन जुने स्मारकस्तंभ पाहिले. एक इंग्रज सेनापती जिलेस्पी व त्याच्या माणसांसाठी, दुसरा शत्रू असलेल्या बलभद्रासाठी. दोन्ही इंग्रजांनीच उभारलेले. मेलेल्या परक्याला इतके औदार्य दाखविता येते. जिवंताचे काम कठीण आहे. दर नोव्हेंबरात हयातीचे दाखले येतात, त्यांत एक निवृत्त गुरखा हवालदार असतो. नेपाळच्या पश्चिमेकडचा, पण पंचवीस वर्षे इथेच घर करून राहिलेला. एकदा अर्जातील 'कायमचा पत्ता' या रकान्याशी येऊन त्याचा हात थांबला. कोणता लिहू, असे त्याने विचारले. पत्र जेथे मिळेल तो लिहा, असे आम्ही नियमाप्रमाणे सांगितले. पत्र दोन्हीकडे मिळते, साहेब, असे म्हणून त्याने दोन्ही पत्ते लिहिले. रकाना अरुंद असल्याने गावाचे नाव समासात गेले.