झेंडा उतरवताना

१५ ऑगस्टच्या सकाळी शाळेत जितकी गर्दी, तितकाच संध्याकाळी शुकशुकाट. प्रभातफेरी, झेंडावंदन, भाषणं, खाऊ, सगळं अकरापर्यंत आटोपायचं. मुलं घरी पळायची, सरपंच आणि पाहुणे चहा घेऊन निघायचे आणि मग शिक्षकांच्या खोलीत तो ठरलेला प्रश्न यायचा : आज झेंडा उतरवायला कोण थांबणार? बहुतेक जण तालुक्याहून अपडाउन करणारे. मी गावातच खोली घेऊन राहत होते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि वीसेक वर्षं माझ्याकडेच राहिलं. पहिली एक-दोन वर्षं मी ते कुरकुरतच केलं. पुढे मात्र त्या संध्याकाळची मी वाट पाहू लागले.

आपल्या ध्वजसंहितेत एक लहानसं वाक्य आहे. झेंडा चढवायचा तो चपळाईने, उतरवायचा तो सावकाश आणि समारंभपूर्वक. केशरी पट्टा वर असावा, ध्वज फाटका किंवा चुरगळलेला नसावा, जमिनीला किंवा पाण्याला टेकू नये, त्यावर काही लिहू नये, हे नियम बहुतेकांना ऐकून तरी माहीत असतात. हे सावकाश उतरवायचं कुणी सांगत नाही. मला त्याचा अर्थ दोरी हातात आल्यावर कळला. चढवताना शंभर डोळे वर लागलेले असतात, चूक करायला जागाच नसते. उतरवताना कुणीच पाहत नसतं. घरी जायचं असतं, आभाळ भरून आलेलं असतं, हाताला घाई होते. नेमक्या त्या घटकेसाठी तो नियम आहे.

आणि हे काम एकट्याने होत नाही. पावसात भिजून फुगलेली दोरी वरच्या कप्पीत अडकते. ती थोडी थोडी सोडावी लागते, आणि झेंडा खाली आला की वारा त्याला ओढतो, खालची कड चबुतऱ्याला लागू पाहते. एक हात दोरीवर असताना दुसऱ्या हाताने तो सावरणं कठीण. पहिल्याच वर्षी मी अशी धडपडत असताना पटांगणात खेळणारी सातवीतली एक मुलगी न सांगता धावत आली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली, पाहुण्यांचं तान्हं बाळ घ्यायला हात पुढे करतात तशी. झेंडा तिच्या हातांवर अलगद आला. मग आम्ही दोघींनी समोरासमोर उभं राहून घडी घातली. तो आडवा धरायचा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा. मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी मध्याकडे आणायचा. शेवटी वर फक्त अशोकचक्र दिसतं आणि कडेने थोडा केशरी, थोडा हिरवा. ती घडी काखेत मारायची नाही, दोन्ही तळहातांवर ठेवून न्यायची. पटांगणापासून कपाटापर्यंतची ती चाळीस पावलं ती मुलगी इतकी जपून चालली की मी दार उघडून बाजूला उभी राहिले. पुढे दर वर्षी मी एका मुलाला किंवा मुलीला संध्याकाळी बोलावून घेत असे. पाठ्यपुस्तकात हा धडा नाही.

आमची शाळा लातूर जिल्ह्यातली, म्हणून झेंडा वर्षातून चार वेळा चढायचा : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर. चौथ्या तारखेचं मोल मराठवाड्याबाहेर फारसं कुणाला नसतं. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि तिथे तिरंगा लावणं म्हणजे तुरुंग होता. तो उजळ माथ्याने लावायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावं लागलं. त्याच्या कितीतरी आधी, नागपुरात १९२३ साली चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जाणाऱ्यांना अटक होत होती. तिथे झेंडा सत्याग्रह झाला, जमनालाल बजाज आणि विनोबा त्यात तुरुंगात गेले आणि पुढे वल्लभभाई पटेलांनी नेतृत्व केलं. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार नावाचा शाळकरी मुलगा हातात झेंडा घेऊन मिरवणुकीत होता. पोलिसांच्या गोळ्यांनी तो आणि त्याचे सोबती गेले. आमच्या सातवीच्या वर्गातल्या मुलांपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठा असलेला पोरगा. त्या सगळ्यांची लढाई झेंडा वर नेण्याची होती.

आपल्यापुढे ती उरलेली नाही. २००२ च्या ध्वजसंहितेने सामान्य नागरिकाला वर्षभर ध्वज लावायची मोकळीक दिली. नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी सांगितलं की सन्मानाने राष्ट्रध्वज फडकावणं हा अभिव्यक्तीच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. मला हा निकाल मनापासून आवडतो. झेंडा सरकारी कचेरीच्या गच्चीवरून घराच्या दारात आला. डिसेंबर २०२१ मध्ये यंत्रावर बनवलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली आणि जुलै २०२२ पासून घरावरचा ध्वज रात्रंदिवस ठेवता येऊ लागला. त्याच ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा आला.

आणि माझी काळजी तिथूनच सुरू झाली. सूर्यास्ताला उतरवायचा हा नियम होता तोवर उतरवण्याला एक वेळ होती. ती गेली. रात्री नाही उतरवला तर चालेल, मग उद्याही चालेल, आणि बघता बघता दिवाळी येते. मी आता लातूरला राहते, तिथल्या आमच्या इमारतीसमोरच्या गच्चीवर लावलेल्या एका झेंड्याची काठाची शिवण ऑगस्टअखेर उसवली. गणपतीत त्याचा हिरवा रंग उडायला लागला, दसऱ्याला कडेच्या चिंध्या वाऱ्यावर फडफडत होत्या. लावणाऱ्याचं प्रेम खोटं नव्हतं. तेरा ऑगस्टला स्वतः शिडीवर चढून त्याने तो बांधला होता, मी पाहिलं होतं. उतरवायचा दिवस मात्र त्याला कुणी सांगितला नव्हता.

दुसरी अडचण कापडाची. खराब झालेला ध्वज संपूर्ण, एकांतात नष्ट करावा, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राहील अशा दुसऱ्या रीतीने, असं संहिता सांगते. शाळेतला जुना खादीचा ध्वज विरला तेव्हा आम्ही तसंच केलं. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात आणि त्यांची खादी उदगीरला विणली जाते, तेव्हा ते कापड आमच्याच मातीतलं. शाळेमागे, संध्याकाळी, ध्वज घडी न मोडता ठेवला. कोरडं सूत, शांतपणे पेटलं, मऊ पांढरी राख झाली, ती लिंबाच्या बुडाशी घातली. पॉलिएस्टर असं जळत नाही. ते आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडत थेंब थेंब गळतं. ते दृश्य पाहवत नाही. म्हणून मी असा ध्वज जाळत नाही. स्वच्छ कापडात गुंडाळून अख्खा, तुकडे न करता, खोल पुरते. पॉलिएस्टरला माझा विरोध नाही. खादीचा ध्वज ज्यांच्या खिशाला परवडत नाही त्यांच्या दारातही तिरंगा असावा. पण विकणाऱ्याने झेंड्यासोबत तो कधी काढायचा आणि मग त्याचं काय करायचं, एवढी चिठ्ठी द्यायला काय हरकत आहे? कागदी झेंड्यांचं तर विचारूच नका. ते जमिनीवर टाकू नयेत हे संहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे आणि १५ तारखेच्या दुपारी रस्त्यावर काय असतं ते आपण सगळे पाहतो.

उतरवण्याचा आदर किती खोल आहे हे दुखवट्याच्या नियमात दिसतं. ध्वज अर्ध्यावर आणताना तो सरळ अर्ध्यावर चढवत नाहीत. आधी पूर्ण टोकाला नेतात, मग अर्ध्यावर आणतात. सूर्यास्ताला उतरवतानाही आधी पुन्हा टोकाला नेऊन मगच खाली घेतात. आणि जवानाच्या पार्थिवावरचा ध्वज, केशरी पट्टा डोक्याकडे असलेला, चितेत जाऊ द्यायचा नाही असा नियम आहे. अग्नी देण्याआधी तो उचलतात, घडी करतात. आमच्या शेजारच्या गावात अशा एका अंत्यविधीला मी गेले होते. जवानाच्या आईच्या हातात घडी ठेवली तेव्हा तिने ती छातीशी धरली नाही. आधी पदराने हात पुसले आणि मग दोन्ही तळहातांवर घेतली.

निवृत्त झाल्यापासून मी लातूरच्या या इमारतीत राहते. १६ ऑगस्टच्या संध्याकाळी जिन्यात एक खोकं ठेवते, त्यात धुतलेला पांढरा पंचा अंथरते आणि प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगते : झेंडा उतरवला की इथे आणा. पहिल्या वर्षी चार आले. यंदा एकोणीस. तिसऱ्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा मदतीला येतो. चांगले आहेत ते पुढच्या वर्षासाठी बाजूला काढतो, चिखल लागलेले थंड पाण्यात धुऊन सावलीत वाळवतो. मग तो एका बाजूने धरतो, मी दुसऱ्या. केशरी खाली, हिरवा खाली. यंदा एक घडी वाकडी झाली म्हणून त्याने ती स्वतःहून सोडली आणि म्हणाला, "आजी, परत घालू."