मुलाचा प्रश्न आणि थोमाचा डोंगर

वाचकहो, सुटीत मुलांना घेऊन, निजण्या-रांधण्याची सोय असलेल्या गाडीने आपण चेन्नईस गेलात, तर समुद्रकाठच्या सांतोमवरूनच परत न फिरता सेंट थॉमस माउंटही चढावा. उंची सुमारे ३०० फूट. गाडीरस्ता आहे, पण मुलांना पायऱ्यांनीच न्यावे. माथ्यावर १५२३ सालचे पोर्तुगीजांचे चर्च व १५४७ मध्ये खोदकामात सापडलेला, पहलवी लेखाचा दगडी क्रूस आहे. इ. स. ७२ मध्ये प्रेषित थोमा येथे हुतात्मा झाला, अशी परंपरा.

“हे खरेच येथे घडले?” मूल विचारील. ‘होय’ म्हणणे सोपे. परंतु ऐकलेले पाहिल्यासारखे सांगणे ही मुलाशी प्रतारणा नव्हे काय? तो क्रूसही थोमानंतर कित्येक शतकांनी कोरलेला, असे अभ्यासक सांगतात. खरे सांगितल्याने मुलाची श्रद्धा डळमळेल, ही भीती मला अनाठायी वाटते. ज्याच्या नावाचा हा डोंगर, त्यानेच व्रण पाहिल्यावाचून मानण्यास नकार दिला होता. प्रभूने त्याला दूर लोटले नाही, आपले हात दाखविले.

तेव्हा म्हणावे, “बाळा, मला ठाऊक नाही, पिढ्यान्‌पिढ्या लोक असे सांगत आले आहेत.” एवढ्यात त्याचे लक्ष खालच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानाकडे गेले, तर खुशाल जाऊ द्यावे.