झुरळ आणि वाळवी



रात्री स्वयंपाकघरात दिवा नेला म्हणजे मोठे तांबूस झुरळ झटकन चुलीमागे पळते. बांधावरचे वारूळ मात्र ऊनपावसात उभे असते. ते मातीचे घर वाळवीने बांधिलेले असते. तिला पांढरी मुंगी म्हणतात, परंतु ती मुंगी नव्हे. लंडन येथील निसर्गेतिहास संग्रहालयाच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली जनुके ताडून दाखविले की, वाळवी ही झुरळांच्याच कुळातली आहे.

झुरळे एका फटीत दाटीने दडतात खरी, परंतु ती मिळून काही बांधीत नाहीत. दुसऱ्याचे उष्टे खावे व आपला जीव वाचवावा, एवढेच त्यांस ठाऊक. वारूळ बांधणाऱ्या वाळवीतील कामकऱ्यांस तर दृष्टीही नसते. तरी वारुळास भगदाड पडताच शिपाई तेथे पहारा देतात, आणि कामकरी मातीचा एकेक कण लाळेने भिजवून ते बुजवितात. आत ते बुरशीची बाग राखितात; राणीस व पिलांस भरवितात. कुळ एक, पण वर्तन निराळे!

हे आम्ही का सांगतो? गेल्या पावसाळ्यात एका गावी प्रार्थनामंदिराची भिंत खचली. माती वाहण्याची वेळ आली, तेव्हा एका घरचे म्हणाले, "हे आमच्या कुळाचे काम नव्हे." दुसरे म्हणाले, "मिशन पाहून घेईल." भिंत तशीच राहिली, आणि मंडळी ओल्यात बसून उपासना करू लागली. बंधुजनहो, बाप्तिस्मा घेताना कुळाचा अभिमान आपण मागे टाकिला ना? मग तो मातीच्या पाटीपाशी पुन्हा कसा उभा राहिला? प्रभूने स्वतः शिष्यांचे पाय धुतले. त्याच्या घरात हलके काम ते कोणते?

तथापि वाळवीसही सर्वस्वी गुरू करू नये. तीच अंधारात दाराची चौकट पोखरते, आणि फडताळातील पवित्र शास्त्राची पानेही सोडीत नाही. तिच्याठायी उद्योग आहे, प्रकाश नाही. आपण झुरळाप्रमाणे प्रकाशास भिऊ नये, व वाळवीप्रमाणे अंधारात राबू नये. प्रभूच्या प्रकाशात एकमेकांचे तोंड पाहून काम करावे.

जेथे भिंत पडली असेल, तेथे पहिली पाटी उपदेशकाने उचलावी. दुसरी उचलावयास कोणी ना कोणी पुढे येईलच. प्रभू आपणा सर्वांस एका घरचे करो. आमेन.