हौस आणि मजुरी

वेल्समध्यें टॅलिलिन नांवाची एक चिमुकली आगगाडी आहे. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघें सव्वादोन फूट. डोंगरांतल्या खाणींतील पाटीचा दगड समुद्राकांठच्या टौइन गांवीं उतरविण्यासाठीं १८६५ च्या सुमारास ती बांधली गेली. हा दगड मुख्यत्वें घरांच्या छपरांना लागे. १९४६ सालीं खाणींत दरड कोसळली आणि काम कायमचें बंद पडलें. मालक सर हेडन जोन्स यांनीं मात्र आपण जिवंत असेपर्यंत गाडी चालवूं असा शब्द दिला होता. तो पाळून ते १९५० सालीं निवर्तले. पुढें रोल्ट नांवाच्या ग्रंथकारानें व त्याच्या स्नेह्यांनीं मंडळ स्थापिलें, आणि १९५१ पासून मुख्यत्वें बिनपगारी हौशी माणसांच्या बळावर ती चालत आली आहे.

ज्या गाडीवांचून कोणाचें अडत नाहीं, तिच्यासाठीं शिकल्यासवरल्या माणसांनीं सुटीच्या दिवशीं फावड्यानें कोळसा ओढावा, याला काय म्हणावें? आपल्याकडील कोणी चटकन् निष्काम कर्म म्हणेल. मला तें पटत नाहीं. त्यांना आनंदाचें फळ हवें असतें, आणि तें रोख मिळतेंहि.

खरा आक्षेप निराळाच आहे. ज्यांच्या फुप्फुसांत या दगडाची धूळ बसली, त्यांच्या कष्टांचा हा खेळ झाला नाहीं काय? खेळ म्हणावा, तर बॉयलरला हौशी कोण व मजूर कोण हें कळत नाहीं. पाणी उतरलें तर तो दोघांनाहि सारखाच दगा देईल. नाटकांतला राजा तलवार विसरला तरी राज्य बुडत नाहीं. येथें विसरून भागत नाहीं. शिवाय विस्तव राखण्याची कला ग्रंथांत टिकत नाहीं, हातांतच टिकते. एवढ्यापुरतें हें काम मला खरें वाटतें.

पण एक गोष्ट या हौशी फायरमनच्या वांट्याला कधींच येणार नाहीं. कंटाळा आला तर तो पुढच्या रविवारीं घरीं राहूं शकतो. मजूर घरीं राहिला तर चूल राहत नसे. ही सक्ति जतन करतां येत नाहीं, आणि करूंहि नये. परंतु ती नव्हतीच असा भास प्रवाशाला होऊं देणें हा मात्र अपराध होय. २०२१ सालीं जागतिक वारशाच्या यादींत ही गाडी गेली, ती एकटी नव्हे; खाण आणि खाणकऱ्यांचें ॲबरगिनॉल्विन हें गांव तिच्याबरोबर गेलें, हें मला फार योग्य वाटतें.

१९७६ पासून गाडी नँट ग्वेर्नॉलपर्यंत जाते. तेथून खाणीकडे एक पायवाट चढते. बहुतेक उतारू त्याच गाडीनें परततात.