श्रेयाची वाटणी

३ जून २०२५ च्या रात्री अहमदाबादच्या मैदानावर बंगळूरच्या क्रिकेट संघाने पंजाबचा सहा धावांनी पराभव केला आणि आयपीएलचे विजेतेपद प्रथमच मिळवले. सामना संपण्यापूर्वीच, निकाल निश्चित झाला त्या क्षणी, विराट कोहलीचे डोळे भरून आले होते. २००८ पासूनचे अठराही हंगाम हा खेळाडू याच एका संघाकडून खेळला. त्या रात्री बंगळूर झोपले नाही. (दुसऱ्या दिवशी चिन्नास्वामी मैदानाबाहेरच्या चेंगराचेंगरीत अकरा माणसे मेली. तो विषय वेगळा आणि याहून फार गंभीर आहे.) शहराच्या दक्षिण टोकाला, होसूर रस्त्यावरील इलेक्ट्रॉनिक सिटीत, पुण्या-कोल्हापुराकडून आणि नागपुराकडून नोकरीसाठी आलेल्या तरुणांची मोठी वस्ती आहे. अशा वस्तीत एक वाद कधी संपत नाही. कोहलीने संघाला वर नेले, की सतरा वर्षे एकट्याच्या तेजाने संघाची उणीव झाकून ठेवली?

वाद क्रिकेटचा दिसतो, परंतु त्या ठिकाणी तो केवळ क्रिकेटचा राहत नाही. केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या महामंडळाने १९७८ च्या सुमारास कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांतील ३३२ एकरांवर ही वसाहत उभी केली. तेथील बहुतेक काम गटाने होते. पगारवाढ मात्र माणसागणिक ठरते. दहा जणांनी मिळून उभ्या केलेल्या संगणकप्रणालीत एकेकाचा वाटा किती, हा प्रश्न वर्षातून एकदा तरी प्रत्येकाच्या पुढ्यात येतोच. खेळाविषयीची चर्चा ही तेथे स्वतःच्या नशिबाविषयीची आडवळणाने केलेली चर्चा असते.

या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ रूप पाहायचे तर बास्केटबॉलकडे वळावे लागते. क्रिकेटमध्ये फलंदाज बराचसा एकटा असतो. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच खेळाडू, चेंडू एक, आणि एकाची प्रत्येक हालचाल उरलेल्या चौघांची जागा बदलणारी. तेथे एक असामान्य खेळाडू संघाचे भवितव्य पालटवील, असे कोणालाही वाटेल. विल्ट चेंबरलेनने १९६१-६२ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले आणि २ मार्च १९६२ रोजी एकाच सामन्यात शंभर. त्या वर्षीचे विजेतेपद मात्र बॉस्टनकडे गेले. बॉस्टनच्या बिल रसेलची कारकिर्दीतील सरासरी पंधरा गुणांची. तेरा हंगामांत त्याच्या संघाने अकरा विजेतेपदे मिळवली. पुढे १९६६-६७ मध्ये चेंबरलेनची सरासरी २४.१ वर आली, म्हणजे निम्म्याहूनही खाली. तो आता चेंडू सहकाऱ्यांकडे देऊ लागला होता. त्याच वर्षी त्याला पहिले विजेतेपद मिळाले.

एवढ्यावरून ‘कमी करणारा तो थोर’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. रसेलच्या संघात इतरही नामांकित खेळाडू होते, आणि चेंबरलेनला १९६७ साली लाभलेले सहकारी १९६२ च्या सहकाऱ्यांहून सरस होते. कारण ओळखण्यासाठी आपल्याकडील नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडी सांगितली आहे. एक असता दुसरे असावे, हा अन्वय. ते नसता दुसरेही नसावे, हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्याखेरीज कारणाचा निश्चय होत नाही. खेळाडूची थोरवी सांगणारे बहुधा अन्वयावरच थांबतात: तो होता आणि संघ जिंकला. व्यतिरेकाची परीक्षा क्वचितच होते, कारण चांगल्या खेळाडूला मुद्दाम बाहेर बसवून पाहण्याची हौस कोणत्याच संघाला नसते.

पण कधीकधी ती आपोआप घडून येते. मायकेल जॉर्डनने १९८६-८७ मध्ये सामन्यामागे ३७.१ गुण केले आणि त्याचा शिकागोचा संघ बादफेरीच्या पहिल्याच टप्प्यावर बॉस्टनकडून तिन्ही सामने हरला. १९९१ पासून सलग तीन विजेतेपदे मिळवल्यावर, ऑक्टोबर १९९३ मध्ये त्याने अकस्मात निवृत्ती जाहीर केली. आदल्या हंगामात शिकागोने ब्याऐंशीपैकी ५७ सामने जिंकले होते. जॉर्डनशिवाय त्यांनी जिंकले ५५. जगातला सर्वोत्तम मानला गेलेला खेळाडू गेला आणि फरक पडला दोन सामन्यांचा! उलट, १९६९ मध्ये रसेल निवृत्त झाला तेव्हा बॉस्टनच्या विजयांची संख्या ४८ वरून ३४ वर घसरली.

येथे विचाराची खरी अडचण सुरू होते. बॉस्टन कोसळले यावरून रसेलची थोरवी सिद्ध होते, असे त्याचे चाहते म्हणतात. शिकागो कोसळले नाही यावरूनही जॉर्डनची थोरवी सिद्ध होते, असे म्हणणारे भेटतात, कारण त्या पंचावन्न विजयांमागे त्याने सहकाऱ्यांना लावलेली शिस्तच होती, असा त्यांचा युक्तिवाद. संघ पडला तरी श्रेय त्याचे आणि उभा राहिला तरी त्याचेच! जी स्तुती कोणत्याही पुराव्याने खोटी ठरू शकत नाही, तिला पुराव्याचा आधार आहे असे म्हणता येत नाही. शिवाय दोन्ही व्यतिरेक अशुद्ध आहेत. रसेलबरोबर त्याच वर्षी सॅम जोन्सही निवृत्त झाला. जॉर्डन गेला त्याच वर्षी शिकागोत टोनी कुकोच आला. माणूस वजा करून बाकीचे जसेच्या तसे ठेवणे हे कागदावरच्या गणितात जमते.

नैयायिकांचाच आणखी एक विचार येथे अधिक उपयोगी पडतो. वस्त्राचे समवायी कारण तंतू, निमित्त कारण विणकर आणि त्याची साधने. आणि या दोहोंहून निराळे असे एक असमवायी कारण ते मानतात, ते म्हणजे तंतूंचा परस्परसंयोग. तंतू सगळे आहेत, विणकरही आहे, पण संयोग नाही तोवर वस्त्र नाही. तारांकित खेळाडूकडे प्रेक्षक विणकर म्हणून पाहतात. वस्तुतः तो एक तंतूच असतो, कदाचित सर्वांत बळकट आणि रंगाने उठून दिसणारा. त्या एका तंतूने वस्त्राचा किती भाग केला, या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो प्रश्नच नीट मांडलेला नाही. मात्र त्याच्या असण्याने इतर तंतूंची वीण घट्ट झाली की विसविशीत, हा प्रश्न अर्थपूर्ण आहे. त्याचे उत्तर निरीक्षणाने, निदान काही अंशी, देता येते. त्यासाठी नजर ताऱ्यावरून काढून इतरांवर ठेवावी लागते.

मराठी वाचकाला याची उदाहरणे दूर शोधावी लागणार नाहीत. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईला पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत २७१ धावांचा पाठलाग करताना सचिन तेंडुलकरने पाठदुखी सोशीत १३६ धावा केल्या. तो बाद झाला तेव्हा धावसंख्या २५४ होती आणि तीन गडी शिल्लक होते. संघ २५८ वर आटोपला. बारा धावांनी हार झाली. या पराभवाचा दोष तेंडुलकरला देणे अन्यायाचे आहे. तरीही त्या दशकात ‘सचिन गेला, आता दूरदर्शन संच बंद करा’ ही जी भावना घराघरांत होती, ती मैदानावरील सहकाऱ्यांच्या मनाला अजिबात शिवली नसेल, असे मानणे कठीण आहे. एखाद्याच्या थोरवीच्या छायेत इतरांना ‘आपल्याने होणार नाही’ असे वाटू लागते. ते वाटणे थोर माणसाने निर्माण केलेले नसते, पण त्याच्या असण्याचा तो एक परिणाम असतो. कारण असणे आणि दोषी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

याच्या नेमके उलट चित्र १९७१ साली दिसले. अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावस्कर, एकनाथ सोलकर हे सारे वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते आणि तेथे इतिहास घडवीत होते. इकडे त्यांच्यावाचून, सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली, मुंबईने महाराष्ट्राला हरवून रणजी करंडक राखला. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे हा करंडक मुंबईकडे होता. या मालिकेतील शेवटच्या अंतिम सामन्यात, चेन्नईच्या चेपॉक मैदानावर, पद्माकर शिवलकर यांनी पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत पाच गडी बाद केले. शिवलकरांना कसोटी सामना एकही खेळायला मिळाला नाही. मुंबईच्या संघात तारे होतेच, परंतु मैदाने, क्लब, कांगा लीगमधील पावसाळी चिखल आणि वडीलधाऱ्या खेळाडूंचा धाक यांनी विणलेले वस्त्र असे होते, की चारदोन उत्तम तंतू काढले तरी ते उसवत नसे. त्या ताऱ्यांनी मुंबईला वर नेले की मुंबईने त्यांना घडवले, हे सांगणे अवघड आहे. बहुधा दुसरेच अधिक खरे असावे.

या कसोटीवर बंगळूरच्या संघाचा इतिहास बोलका आहे. २०१३ मध्ये ख्रिस गेलने एकट्याने नाबाद १७५ धावा केल्या. त्या वर्षी संघ पहिल्या चारांतही आला नाही. २०१६ मध्ये कोहलीने एका हंगामात ९७३ धावा केल्या आणि अंतिम सामना संघ आठ धावांनी हरला. २०२५ मध्ये कोहलीच्या धावा ६५७, म्हणजे संघात सर्वाधिक, पण नेतृत्व रजत पाटीदारकडे होते. लखनौविरुद्ध २२८ धावांचे लक्ष्य गाठताना, त्या दिवशी नेतृत्व सांभाळणाऱ्या अमरावतीच्या जितेश शर्माने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा फटकावल्या. अंतिम सामन्यात सामनावीर ठरला कृणाल पांड्या. म्हणून कोहलीचा वाटा कमी झाला काय? आकड्यांत झाला. पण आपण बाद झाल्यावरही सामना जिंकला जाईल, असा विश्वास ज्या संघात आहे, त्या संघात वावरणे हे कोणत्याही मोठ्या खेळाडूला ९७३ धावांहून अधिक अवघड जात असावे.

आता इलेक्ट्रॉनिक सिटीकडे परतावे. १९८१ साली पुण्यात सात जणांनी सुरू केलेल्या इन्फोसिसचे मुख्यालय १९९४ पासून येथे आहे. तेहतीस वर्षे या कंपनीचे प्रमुखपद संस्थापकांपैकीच कोणाकडे तरी होते. २०१३ मध्ये कंपनीची गती मंदावली तेव्हा निवृत्त झालेल्या नारायण मूर्ती यांना परत बोलावण्यात आले, आणि २०१४ मध्ये प्रथमच बाहेरच्या व्यक्तीकडे सूत्रे गेली. एका माणसाच्या येण्याने हजारोंची संस्था सावरेल, ही श्रद्धा क्रीडाप्रेक्षकांपुरती मर्यादित नाही, हे यावरून दिसते.

त्या श्रद्धेचे दुसरे टोक म्हणजे मूल्यमापनाचा तक्ता, ज्याला तेथे सारे ‘अप्रेझल’ म्हणतात. पूर्वी अनेक कंपन्यांत ‘बेल कर्व्ह’ची पद्धत होती. गटातले थोडे उत्कृष्ट, बरेच मध्यम आणि काही निकृष्ट ठरलेच पाहिजेत, मग गट कसाही असो. १९७२-७३ च्या मुंबई संघालाही या पद्धतीने दोनतीन निकृष्ट खेळाडू शोधून द्यावे लागले असते! मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये आणि इन्फोसिसने २०१५ मध्ये ही सक्ती सोडली. मात्र माणसागणिक गुण देणे थांबलेले नाही, आणि ते पूर्णपणे थांबवता येईल असेही नाही. पगार शेवटी एकेकाच्याच खात्यात जमा होतो. सर्वांना समान म्हणावे तर मनापासून राबणाऱ्यावर अन्याय होतो, आणि ज्याचे दिसते त्यालाच द्यावे तर ज्याचे दिसत नाही तो बुडतो.

समजा, सांगलीहून आलेली एखादी अनुभवी अभियंता आठवड्यातील दोन दुपारी आपले काम बाजूला ठेवून नव्याने लागलेल्या मुलाला प्रणालीतील दोष शोधायला शिकवते. वर्षअखेरीस तिने स्वतः दुरुस्त केलेल्या दोषांची संख्या घटलेली असते, त्याची वाढलेली असते. चेंबरलेनचे पन्नास गुण चोवीसवर आले ते हजारो प्रेक्षकांसमोर. चेंडू कोणाच्या हातून कोणाकडे गेला, हे सर्वांनी पाहिले आणि त्या पासांची नोंदही झाली. तिच्या दुपारींची नोंद नसते. अप्रेझलच्या बैठकीत वरिष्ठ तिच्यापुढे तक्ता सरकवतो आणि यंदा काम कमी का झाले, असे विचारतो. शेजारच्या खोलीत, त्याच सुमारास, त्या मुलाचे अभिनंदन चाललेले असते. त्याने तिचे नाव घेतले तर तिच्या तक्त्यात एखादी ओळ वाढेल. तो ते घेईल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या दुपारी तिने त्याला आणखी काय शिकवले यावर अवलंबून आहे.