ही ठेव कोणाच्या नावावर?

गाणे-नाटक ऐकायला जाणाऱ्या माणसांचे दोन वर्ग असतात. एक, ऐकायला येणारे. आणि दुसरे, भरून घ्यायला येणारे. पहिल्या वर्गातली माणसे बरोबर पानाची चंची, शाल आणि एखादे पेंगुळलेले पोर आणतात. दुसऱ्या वर्गातली माणसे यंत्र आणतात. पूर्वी टेपरेकॉर्डर आणीत, आता मोबाइल आणतात. पहिल्या वर्गाला आपण रसिक म्हणतो. दुसऱ्या वर्गाला काय म्हणावे, याबद्दल मात्र एकमत नाही. कलावंत त्यांना चोर म्हणतो, बायको वेडा म्हणते आणि ते स्वतःला संग्राहक म्हणवतात. तीस वर्षे गेली, कलावंतही गेला, की मग सगळेच त्यांच्या दारात जाऊन उभे राहतात आणि म्हणतात, "तुमचे उपकार झाले हो!"

आमच्या सिंधुदुर्गात हा प्रश्न जरा जास्तच अवघड आहे. कारण आमच्याकडे भरून घेण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे दशावतार, आणि दशावताराला लिहिलेली संहिताच नसते. कार्तिकानंतर जत्रा सुरू होतात. वालावलकर, मोचेमाडकर, आरोलकर, पार्सेकर, खानोलकर अशी मंडळे पेटारे घेऊन गावोगाव हिंडू लागतात. आख्यान कुठले लावायचे ते ठरते, कोण राजा आणि कोण राक्षस ते ठरते आणि जो तो आपल्या हाताने तोंडाला रंग लावायला बसतो. पुढचे सगळे रात्रीच्या हवाली. संवाद जागच्या जागी जन्माला येतात आणि पहाटे दहीकाला झाला की दवाबरोबर विरून जातात. परवा वेंगुर्ल्यात नारद जे बोलला ते आज कुडाळात बोलेल, याची खात्री खुद्द नारदालाही नसते. म्हणजे पाहा, शेक्सपिअरचा नट मेला तरी शेक्सपिअर कपाटात शिल्लक राहतो. आमचा संकासुर मेला की त्याच्याबरोबर ग्रंथालयच जळते. अशा ठिकाणी कोपऱ्यात टेपरेकॉर्डर घेऊन बसलेला माणूस चोर की लेखनिक?

आमच्या ओरोसला एक निवृत्त मास्तर राहतात. १ मे १९८१ला जिल्हा वेगळा झाला आणि पुढे ओरोसचे सिंधुदुर्गनगरी झाले. सरकारी कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर फायली आल्या, फायलींबरोबर कपाटे आली. पण जिल्ह्यातले एक दफ्तर सरकारच्या हुकमाशिवाय आधीच सुरू झाले होते. मास्तरांच्या मेव्हण्याने आखातातून टेपरेकॉर्डर आणला आणि मास्तर तेव्हापासून जत्रांना तो घेऊन जाऊ लागले. पायपेटीच्या फार जवळ बसले तर नुसती पेटी येते, पखवाजाच्या जवळ बसले तर नुसता गडगडाट येतो आणि बायकांच्या घोळक्याजवळ बसले तर गावाची कुलंगडी येतात. हे सगळे संशोधन त्यांनी स्वखर्चाने केले. सी-नव्वदची कॅसेट पंचेचाळीस मिनिटांनी उलटावी लागते आणि राक्षसवध नेमका चव्वेचाळिसाव्या मिनिटाला सुरू होतो, हा त्यांचा सिद्धान्त. मास्तरांच्या संग्रहात असे कितीतरी राक्षस अर्धवट जिवंत आहेत.

या कॅसेटी दोन ट्रंकांत असत. प्रत्येकीवर शाळेच्या हजेरीपटाच्या अक्षरात तारीख, गाव, आख्यान आणि कोणी कोणते काम केले याची नोंद. मास्तरांचा नियम एकच : इथे बसून ऐका, चहा प्या, पण कॅसेट बाहेर जायची नाही. एकदा कोणी तरी नेलेली कॅसेट परत आली तेव्हा तिच्यात दशावताराऐवजी हिंदी सिनेमाची गाणी होती. त्या दिवसापासून हा नियम. मास्तरांच्या घरी जाणे आणि लॉकर उघडायला जाणे यात मला कधीच फरक वाटला नाही. फक्त आमच्या बँकेत चहा मिळत नाही.

ही जात फक्त कोकणात निपजते असे समजू नका. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९६५ साली 'ग्रेटफुल डेड' नावाचा एक रॉक बँड निघाला. नाव भुताखेताचे वाटले तरी मंडळी आमच्या दशावताऱ्यांच्या कुळीतली. एकच गाणे दोन रात्री एकसारखे वाजवायचे नाही, मध्येच तंद्री लागली की अर्धा अर्धा तास भटकून यायचे. साहजिकच तिथेही मास्तर निर्माण झाले. इतके झाले की मायक्रोफोनच्या काठ्यांचे रान माजून मागच्यांना काही दिसेना. दुसरा कोणी असता तर त्याने दारावर झडती घेतली असती. या बँडने १९८४च्या ऑक्टोबरात भरून घेणाऱ्यांसाठी वेगळी तिकिटे आणि वेगळी जागाच काढली! त्यांचा म्होरक्या जेरी गार्सिया याची भूमिका अशी, की आमचे वाजवून झाले, आता ते ऐकणाऱ्यांचे. अट एकच. देवघेव करा, पण पैसे घ्यायचे नाहीत. लोकांनी हजारो फिती टपालाने एकमेकांना धाडल्या आणि त्या फुकट्या फितींमुळे तिकिटांची विक्री घटायची सोडून वाढली. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. हा हिशेब आम्हाला शिकवलेल्या कुठल्याच पुस्तकात बसत नाही.

पण थांबा, त्या कथेचीही दुसरी बाजू आहे. त्याच बँडच्या ध्वनियंत्रणेवर काम करणाऱ्या एका बाईंनी केलेल्या उत्कृष्ट फिती एका भाड्याच्या कोठारात पडून होत्या. भाडे थकले आणि १९८६ साली त्या लिलावात निघाल्या. हे वाचून माझ्यातला बँकवाला हळहळला. त्या बाईंनी कॉर्नेल विद्यापीठात ८ मे १९७७ रोजी भरून घेतलेली मैफल हौशी लोकांनी प्रतींवर प्रती काढून जगवली. पुढे २०१२ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवली आणि २०१७ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी, ती रीतसर बाजारात आली. मधल्या काळात २००५च्या नोव्हेंबरात एकदा बँडकडच्या मंडळींनाच वाटले, की इंटरनेटवरून हे सगळे फुकट उतरवून घेणे बंद करावे. चाहत्यांनी असा गिल्ला केला की चारदोन दिवसांतच तडजोड झाली. प्रेक्षकांत बसून भरलेले खुशाल उतरवून घ्या. बँडच्या यंत्रातून थेट भरलेले फक्त ऐका. थोडक्यात, मास्तरांचाच नियम! इथे बसून ऐका, चहा प्या.

आता आपल्याकडचे बुजुर्ग पाहा. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. दोघांचेही गाणे ध्वनिमुद्रित झालेले नाही. ज्यांनी ऐकले त्यांनी सांगितले आणि आपण मान डोलावली. खाँसाहेबांच्या शिष्या, आमच्या शेजारच्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर, ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत इतक्या चोखंदळ की मोजक्याच तबकड्या दिल्या. आणि नियतीचा विनोद असा, की त्यातलीच एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या सोनेरी तबकडीवर चढून सूर्यमालेबाहेर निघून गेली. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबरला उडाले, १६ सप्टेंबरला बाई गेल्या. गुरूचा आवाज पृथ्वीवर नाही आणि शिष्येचा पृथ्वीवर मावला नाही.

तेव्हा प्रश्न असा, की त्या रात्रीचा आवाज कोणाच्या मालकीचा? कायद्याला विचारावे तर कायदा दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या प्रयोगावर हक्क मिळाला. आज तो पन्नास वर्षे टिकतो. आणि त्याच कायद्याचे एकोणचाळिसावे कलम सांगते, की स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी किंवा निव्वळ अभ्यासासाठी भरून घेतले तर हक्कभंग होत नाही. म्हणजे मास्तरांनी भरून घेतले ते ठीक. वाटले तर? पंचाईत. न वाटता ट्रंकेत कुजवले तर? त्याला कलम नाही. आणि खरी मेख तिथेच आहे.

मास्तरांच्या ट्रंकेत एक कॅसेट होती. आख्यान राजा हरिश्चंद्र. हरिश्चंद्राचे काम करणारा नट नामवंत होता. रोहिदास मेल्यावरचा त्याचा विलाप ऐकायला लोक चालत येत. त्या रात्रीच्या आठ दिवस आधी त्याचा स्वतःचा थोरला मुलगा गेला होता. मंडळाने ठरलेली तारीख मोडायची नाही म्हणून तो उभा राहिला. विलापाची वेळ आली आणि तो बोललाच नाही. पेटीवाला सूर धरून बसला. कॅसेटमध्ये तीन-चार मिनिटे फक्त पेटी आहे, मधे एका म्हातारीचा खोकला आणि मग कोणी तरी लांब जाणाऱ्या पावलांचा आवाज. प्रेक्षक म्हणाले, असे काम झाले नाही, होणार नाही. तो नट मात्र दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे आला आणि म्हणाला, "मास्तरांनू, ही कॅसेट कोणाक देव नकात. त्या रातीक मी काम करूक नाय, मी रडलंय."

मास्तरांनी शब्द दिला. नटही पुढे गेला. आणि मागच्या वर्षी त्याचा धाकटा मुलगा मुंबईहून आला. हातात लहानसे यंत्र, सगळ्या कॅसेटी संगणकात उतरवून घेण्याची तयारी. मास्तरांनी त्याच्या वडिलांच्या बारा कॅसेटी काढून दिल्या. तो म्हणाला, "आणि ती? माका बाबाचो आवाज आयकूचो आसा." मास्तर म्हणाले, "त्या कॅसेटीत तुझ्या बाबाचो आवाज नायच आसा." "म्हणानच आयकूची आसा," तो म्हणाला.

मास्तर माझ्याकडे आले. बँकेतला माणूस म्हणजे त्यांच्या दृष्टीने ठेवींचा वकील. "खातेदार गेल्यावर तुमचा नियम काय?" त्यांनी विचारले. मी सांगितले, "मास्तर, पैसे नॉमिनीच्या हाती देतात. पण नॉमिनी मालक नसतो, विश्वस्त असतो. त्याने ते खऱ्या वारसांना पोचते करायचे. आणि दहा वर्षे कोणी फिरकलेच नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरी बुडत नाही. वारस उगवला की मिळते." मास्तर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी नॉमिनी."

मला वाटते, सगळा प्रश्न या एका वाक्यात मावतो. भरून घेणारा माणूस मालक नव्हे आणि चोरही नव्हे. त्याच्याकडे ठेव आहे. ठेवीला दोन धर्म असतात. पहिला, ती टिकवणे. दुसरा, योग्य माणसाने मागितली की देणे. पहिला धर्म सर्वांना कळतो, दुसऱ्यात घोटाळे होतात. एकाला ठेव म्हणजे आपलीच इस्टेट वाटते. तो कोणाला हात लावू देत नाही. दुसऱ्याला ती गावजेवण वाटते. तो मोबाइलवरून रातोरात पाचशे जणांना वाढून मोकळा होतो. एकाने कलावंताला कोंडले, दुसऱ्याने उघड्यावर टाकले. आणि दोघेही छातीवर हात ठेवून म्हणतात, "कलेच्या प्रेमापोटी!"

बाहेरून पाहिले तर आदराने न देणे आणि कंजूषपणाने न देणे सारखेच दिसते. दोन्हींत ट्रंकेला कुलूपच असते. ओळखायचे कसे? हे कुलूप कोणासाठी, असे विचारावे. हरिश्चंद्राच्या कॅसेटीचे कुलूप त्या नटासाठी होते. बाकीच्या शेकडो कॅसेटींचे कुलूप कोणासाठी होते? त्या नटांपैकी कोणीच काही मनाई केली नव्हती. ते कुलूप मास्तरांसाठी होते, आणि हे मी त्यांच्या तोंडावर बोललो आहे. कोकणातला पाऊस कोणाच्या संग्रहाचा मुलाहिजा ठेवत नाही. दुसरी ट्रंक उघडली तेव्हा खालच्या थरातल्या फितींवर पांढरी बुरशी चढली होती, काही यंत्राच्या दातांतच चिकटून तुटल्या. ज्यांच्या प्रती बाहेर गेल्या असत्या त्या जगल्या असत्या. ग्रेटफुल डेडवाल्यांच्या फिती टिकल्या त्या त्यांची कपाटे चांगली होती म्हणून नव्हे. कपाटे पुष्कळ होती म्हणून.

म्हणून माझे मत असे, की टिकवण्याच्या बाबतीत माणसाने निर्लज्ज असावे आणि वाटण्याच्या बाबतीत भिडस्त. भरून सगळे घ्यावे. चांगली रात्र, वाईट रात्र, खोकल्यासकट. प्रती काढाव्यात. दोन घरी, दोन गावी ठेवाव्यात. पण लोकांपुढे मांडताना कलावंत जिवंत असेल तर त्याला विचारावे आणि नसेल तर तो काय म्हणाला होता ते आठवावे. पैसा मात्र कोणीच घेऊ नये. पैसा आला की विश्वस्ताचा दुकानदार व्हायला एक जत्राही लागत नाही.

कोणी म्हणेल, मग मेलेल्या माणसाचा शब्द किती वर्षे पाळायचा? कायदा पन्नास म्हणतो. मला वाटते, ज्यांना त्याचे दुःख कळते ती माणसे आहेत तोवर. त्यांच्यानंतर ते दुःख राहत नाही, इतिहास होतो. आणि इतिहासाने कोणाची परवानगी मागितल्याचे ऐकिवात नाही.

मास्तरांनी ती कॅसेट मुलाला लावून दाखवली. स्वतः पडवीत जाऊन बसले. प्रतही काढून दिली. त्याच्या वडिलांच्या बाकीच्या बारा कॅसेटी आज आमच्या अर्ध्या जिल्ह्याच्या मोबाइलवर फिरताहेत. रिक्षावाले ऐकतात, आमचा शिपाई ऐकतो, साहेब रजेवर असले की मीही ऐकतो. तेरावी अजून कोणाकडे आलेली नाही. ती आली नाही, याच्यावरूनच माझी खात्री झाली की ठेव योग्य वारसाकडे पोचली.